चार नोंदी, एक क्रेन

फोन उचलला की ती हॅलो म्हणायची नाही. थेट विचारायची, "कुठे?"

रिसीव्हर डाव्या कानाला. उजवा कान खोलीसाठी मोकळा.

पेन कुणाला द्यायची नाही. पेन्सिल द्यायची, आणि ती पेन्सिल दोऱ्याने टेबलाच्या पायाला बांधलेली असायची.

डबा तीन हप्त्यांत खायची. झाकण दिवसभर अर्धं उघडं.

खोडरबर वापरायची नाही. चुकलं तर पट्टीने एक सरळ रेघ आणि शेजारी बरोबर काय ते. चूक कुठे झाली ते दिसलं पाहिजे, म्हणायची.

राग आला की तिचा आवाज खाली जायचा आणि बोलणं एकदम मानाचं व्हायचं. शिपायाला ती "अरे" म्हणत असे तोवर त्याला धास्ती नव्हती. "आपण" म्हणाली की तो काहीतरी आणायच्या निमित्ताने बाहेर सटकायचा.

आणि कुणी "आहे" म्हणालं, तर तिचा त्यावर विश्वास बसायचा नाही.

ही शेवटची सवय म्हणजेच तिची नोकरी.

शहरातल्या मुख्य सरकारी कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्यामागे, आपत्कालीन नियंत्रण कक्ष होता. नाव भारदस्त, खोली दहा बाय चौदा. दोन फोन, एक वायरलेस संच, भिंतभर नकाशा, आणि एक खिडकी, जिच्यातून फक्त साहेबांच्या गाडीचा मागचा भाग दिसायचा. बावीस वर्षं ती त्या खोलीत कारकून होती. आग, अपघात, पडझड, काहीही झालं की कुणाकडे काय आहे आणि ते कसं मागवायचं, याची यादी तिच्याकडे असे. अग्निशमन दल, बांधकाम खातं, वीज कंपनी, रुग्णालयं, कारखाने, ठेकेदार. सरकारी आणि खासगी मिळून तीनशे चाळीस नोंदी. लोक तिला यादीताई म्हणत.

दर सोमवारी सकाळी दहाला ती फोन लावायला बसे. "जनरेटर आहे" हे उत्तर तिला चालत नसे. ती म्हणे, "चालू करा. फोन जवळ धरा. मला ऐकू द्या."

सुरुवातीला लोक हसले. एका खासगी रुग्णालयाचा व्यवस्थापक म्हणाला, "ताई, जनरेटरचं गाणं ऐकायचंय का?"

"ऐकवा. सूर लागतोय का बघते."

सूर लागला नाही. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीच मेली होती. पुढच्या सोमवारपासून तो व्यवस्थापक सव्वादहाला फोन हातात घेऊन जनरेटरपाशी उभा असे.

घरी नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर एका डोळ्याला भिंग. तो म्हणायचा, आमच्याकडे मला एक डोळा पुरतो आणि हिला एक कान. चिडवायचं असलं की तिला कंट्रोल रूम म्हणायचा. "कंट्रोल रूम, माझा चष्मा कुठल्या विभागाकडे आहे?" ती सांगायची, "आपल्याच डोक्यावर." तो समजायचा, आज ऑफिसात काहीतरी झालंय.

*

यादीत अवजड क्रेनच्या चार नोंदी होत्या. एक अग्निशमन दलाच्या नावावर, एक बांधकाम खात्याच्या, एक वीज कंपनीच्या, एक ठेकेदार संघटनेच्या. चौघांनी दिलेले चार मोबाइल नंबर वेगवेगळे. दर सोमवारी ती चारही ठिकाणी इंजिन ऐकायची, पण सलग नव्हे, बाकीच्या फोनांच्या गर्दीत.

एका सोमवारी तिला वाटलं, एकसारखी यंत्रं एकापाठोपाठ ऐकावीत. पहिला नंबर लावला. इंजिन तीनदा खोकलं आणि लागलं. मागे कुठेतरी लोखंड कापायचा कर्कश आवाज. दुसरा लावला. तीनदा खोकलं, लागलं. लोखंड कापायचा आवाज. तिसराही तसाच. चौथ्याला एक दमलेला माणूस म्हणाला, "ताई, आत्ताच बंद केली हो. परत चालू करू का?"

तिने फोन खाली ठेवला. हातातली पेन्सिल बराच वेळ तशीच राहिली.

त्या दमलेल्या माणसाकडून पत्ता घेऊन रविवारी ती शहराबाहेरच्या एका आवारात गेली. एक पिवळी क्रेन उभी होती. शेजारी टायरचं दुकान, पलीकडे लोखंड कापायची यंत्रं. मालक, सगळ्यांचे क्रेनवाले काका, खुर्ची घेऊन आले.

"काका, बाकीच्या तीन कुठे आहेत?"

"कुठल्या तीन?"

चार नंबर होते ते काकांचा, त्यांच्या मुलाचा, ऑपरेटरचा आणि आवाराच्या राखणदाराचा. चार खाती आली, चार कागद घेऊन आली. काकांनी चारही ठिकाणी सही केली.

"नाही कुणाला म्हणू, ताई? सगळेच साहेब. एकाला हो म्हटलं की दुसरा रुसतो. आणि चौघांना एकाच दिवशी कशाला लागेल?"

"अशी वेळ येते ती सगळ्यांवर एकाच दिवशी येते, काका."

"तेही खरंच," काका म्हणाले, आणि पाणी मागवलं.

तिने दीड पानाची टिपणी लिहिली. चार क्रेन नाहीत, एक आहे, तीन नोंदी कमी कराव्यात. नदीपलीकडच्या पाइपच्या कारखान्याकडे याहून मोठी क्रेन आहे, ती यादीत घ्यावी. कारखान्याचा मॅनेजर तयार होता. त्याची एकच अट होती: क्रेन बाहेर गेली आणि काही नुकसान झालं तर जबाबदारी कार्यालयाची, असं सहीचं पत्र. पत्राचा मसुदाही तिनेच केला आणि टिपणीला जोडला.

तिमाही बैठकीत विषय निघाला. ती मागच्या रांगेत, भिंतीला टेकून.

अग्निशमनचे अधिकारी म्हणाले, "आमची नोंद सर्वांत जुनी. कमी करायची तर बाकीच्यांनी करावी."

बांधकामचे इंजिनिअर म्हणाले, "आमचा लेखी करार आहे. तुमचं काय आहे?"

वीज कंपनीचा माणूस म्हणाला, "आमच्या आराखड्याला वरून मंजुरी आहे. एक क्रेन कमी झाली तर सगळा आराखडा परत वर जाईल. परत कधी येईल ते देवाला ठाऊक."

ठेकेदार संघटनेचे सचिव दुखावले. "आम्ही आपणहून मदत देऊ केली. आणि आता आम्हीच खोटे?"

साहेबांनी हात वर केला. साहेब नवे होते. आराखड्याला त्यांनी चकचकीत मुखपृष्ठ लावून घेतलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरांत समन्वय असं लिहिलं होतं. ते म्हणाले, "नोंदी चार आहेत, वाहन एक आहे. मला यात विसंगती दिसत नाही. त्या एका वाहनापर्यंत पोहोचायचे चार मार्ग आपल्याकडे आहेत, असं बघा ना."

माना हलल्या. कुणाची तरी कपबशी वाजली.

ती म्हणाली, "आपण म्हणता ते खरं आहे, साहेब. मार्ग चार आहेत. क्रेन एकच आहे."

शिपाई दाराबाहेर गेला.

इतिवृत्तात लिहिलं गेलं: विषयावर सविस्तर चर्चा झाली. पाइप कारखान्याच्या पत्राचा मसुदा साहेबांच्या टेबलावर राहिला. तिने दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, "चार आहेत आपल्याकडे. पाचवी कशाला हवी?"

चौदा महिने ते घोंगडं भिजत पडलं.

आणि त्या चौदा महिन्यांत, दर सोमवारी, तिने चार नंबर लावले. इंजिन चार वेळा ऐकलं. साप्ताहिक नोंदवहीत दोनच रकाने होते, चालू आणि बंद. ती चार ठिकाणी चालूवर खूण करत राहिली. मी लेखी दिलंय, ती स्वतःला सांगायची. आता त्यांचं ते बघतील.

*

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"कुठे?"

बाजाराच्या मागचं कोल्ड स्टोरेज. वरच्या मजल्याचा स्लॅब माल ठेवायच्या लोखंडी मांडण्यांसकट खाली आला होता. आत एकोणीस माणसं होती. चौदा बाहेर पळाली. पाच खाली राहिली.

अग्निशमनच्या गाड्या नऊ मिनिटांत पोचल्या. रुग्णवाहिका त्यांच्या मागोमाग. एवढं सगळं नीट झालं, हे सांगितलं पाहिजे. धावणारी माणसं धावलीच.

अकरा पंचवीसला जागेवरच्या अग्निशमन जमादाराचा वायरलेस आला. जमादार जुना, तिच्या ओळखीचा. "ताई, मोठी क्रेन पाठवा. बीम आडवा पडलाय. जॅक सरकतायत. खाली फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर आहे. फोर्कलिफ्टच्या पिंजऱ्यानेच बीम तोलून धरलाय, म्हणून बाकीचे चौघं श्वास घेतायत. तो बोलतोय माझ्याशी. पण पाय चिरडलेत. डॉक्टर म्हणतायत, दोन तास धरा. त्यापुढे सांगता येत नाही."

तिने कागदावर लिहिलं: ११.२५. खाली लिहिलं: १.२५.

काकांचा नंबर लावला. व्यस्त. मुलाचा लावला. व्यस्त. ऑपरेटर संपर्कक्षेत्राबाहेर. राखणदार व्यस्त. परत काका. व्यस्त. मग तिच्या लक्षात आलं. चार खाती एकाच वेळी त्या आवाराला फोन लावत होती. मदत मागणाऱ्यांनीच मदतीची वाट अडवून ठेवली होती.

इकडे दुसरा फोन वाजायला लागला.

अग्निशमन: "आमची क्रेन निघाली, ताई."

बांधकाम: "आमची निघाली. मालक स्वतः म्हणाला, निघालोच."

वीज कंपनी: "आमची वाटेत आहे."

संघटनेचे सचिव: "लिहून घ्या. सर्वांत आधी आमची निघाली."

साहेब आत आले. नकाशासमोर उभे राहिले. "चारही निघाल्या? मग गर्दी होईल. दोन मागे फिरवा. राखीव ठेवा."

"साहेब, आपण जरा बसून घ्यावं," ती म्हणाली.

तिने टायरच्या दुकानाला फोन लावला. त्या रविवारी पाटीवरचा नंबर तिने टिपून घेतला होता.

"क्रेन?" टायरवाला म्हणाला. "ती सकाळी सातलाच गेली ना. धरणापाशी, वीज कंपनीचा ट्रान्सफॉर्मर उतरवायला. काका इथे डोकं धरून बसलेत. प्रत्येकाला निघालोच, निघालोच म्हणतायत."

धरण पंचावन्न किलोमीटर. क्रेनच्या चालीने अडीच तास, आणि आधी ट्रान्सफॉर्मर हवेतून खाली ठेवायचा. वीज कंपनीच्याच एका शाखेने ती नेली होती, आणि त्याच कंपनीची दुसरी शाखा ती बाजाराकडे येतेय म्हणून सांगत होती. एकाच इमारतीतल्या दोन मजल्यांवरची माणसं.

अकरा चाळीस. तिने पाइप कारखान्याच्या मॅनेजरला गाठलं.

"ताई, क्रेन उभी आहे. ऑपरेटर समोर बसलाय. पण पत्राशिवाय गेटबाहेर काढली तर संध्याकाळी मी गेटबाहेर. सही द्या, फोटो पाठवा. दहाव्या मिनिटाला निघते."

मसुदा साहेबांच्या टेबलावर, इतर फायलींच्या खाली, तसाच होता. तिने तो काढून आणून त्यांच्यासमोर ठेवला. पेनही दिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने कुणाला पेन दिलं.

साहेबांनी पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. संदर्भ क्रमांकही वाचला.

"यात नुकसानीची जबाबदारी आपल्यावर आहे."

"हो, साहेब."

"विधी शाखेला दाखवावं लागेल."

"तिथे माणूस आहे, साहेब."

"माणूस आहे म्हणूनच नियमाने गेलं पाहिजे. उद्या काही झालं तर?"

ते विधी शाखेला फोन लावायला लागले. विधी अधिकारी बैठकीत होते. निरोप ठेवला. पुन्हा लावला. चारही क्रेन कुठवर आल्या, असं मधूनच विचारलं. तिने सांगितलं, एकच क्रेन आहे आणि ती धरणावर आहे. ते म्हणाले, "पण चौघांनी निघाली असं कळवलंय ना? लेखी आहे का तुमच्याकडे, की नाही निघाली?"

ती उभी राहिली. हे तिने पुढे कधी स्वतःला माफ केलं नाही. ती पंचवीस मिनिटं उभी राहिली. वरिष्ठांसमोर उभं राहायची बावीस वर्षांची सवय होती, पाय तसे उभे राहिले.

बारा वाजून सात मिनिटांनी जमादार वायरलेसवर म्हणाला, "ताई, तो विचारतोय, क्रेन किती वाजता निघाली."

तिने साहेबांच्या हाताखालून पत्र ओढून घेतलं. सहीच्या जागी स्वतःची सही केली. कार्यालयाचा गोल शिक्का उमटवला. फोटो पाठवला.

मॅनेजरचा फोन लगेच आला. "ही सही कुणाची?"

"माझी."

"आपला हुद्दा?"

"कारकून."

मग तो म्हणाला, "गेट उघडायला सांगतो."

क्रेन बारा वीसला निघाली. पुलाच्या तोंडाशी वाहतूक पोलिसाने अडवली, दिवसा अवजड वाहनांना बंदी. त्याला वायरलेसवर समजावण्यात सात मिनिटं गेली. तोही नियमानेच वागत होता. एक वाजून अठरा मिनिटांनी क्रेन बाजारात शिरली. बीम उचलायला दीड वाजला.

चौघं जिवंत निघाले. फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर एक वाजून दहा मिनिटांनी गेला होता. दोन तासांच्या हिशेबात अजून पंधरा मिनिटं शिल्लक होती. पण तो हिशेब डॉक्टरांनी अंदाजाने सांगितलेला. त्याने तो पाळला नाही.

संध्याकाळी जमादार खोलीत आला. धुळीने पांढरा. खुर्ची असून जमिनीवर बसला.

"काय म्हणाला शेवटी?" तिने विचारलं.

"तेच. क्रेन निघाली का. मी म्हटलं, निघाली. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा निघाली नव्हती."

ती घरी गेली. नवऱ्याने दार उघडलं. कंट्रोल रूम म्हणाला नाही.

"आपण जेवून घ्या," ती म्हणाली.

तो जेवला नाही. भिंग काढून शेजारी बसला. खूप वेळाने ती म्हणाली, "पंचवीस मिनिटं मी नुसती उभी होते." तो समजूत घालायला गेला असता तर ती उठून गेली असती, हे त्याला माहीत होतं.

*

तीन आठवड्यांनी चौकशी समिती बसली. तिघे जण, तीन पाण्याच्या बाटल्या. तिची साप्ताहिक नोंदवही मध्ये ठेवलेली.

"हे अक्षर आपलं?"

"माझं."

"घटनेच्या आधीच्या सोमवारी चार अवजड क्रेन चालू, असं लिहिलंय."

"एक होती. चार वेळा चालू केली होती."

"मग तसं का नाही लिहिलं?"

"तसा रकाना नव्हता."

"शेरा लिहिता आला असता."

"आला असता," ती म्हणाली. "मी लिहायला हवा होता. टिपणी दिली होती, म्हणून लिहिला नाही. ती माझी चूक."

तेवढं वाक्य त्यांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं. टिपणीची प्रत तिने पुढे केली. ती बैठकीच्या इतिवृत्ताला जोडलेली नसल्याने विचारात घेता येणार नाही, असं ठरलं.

अहवालात आलं: घटनेच्या वेळी चार क्रेन उपलब्ध होत्या. सर्व यंत्रणांनी तत्परतेने प्रतिसाद दिला. खासगी उद्योगाने अतिरिक्त साहाय्य केले. एका कर्मचाऱ्याने अधिकार नसताना शासकीय पत्रावर सही केली, ही बाब गंभीर आहे. शेवटचा परिच्छेद समन्वयाविषयी होता. तिने तो दोनदा वाचला. चौघांनी चार ठिकाणांहून एकच खोटं बोलावं आणि कुणी कुणाला विचारू नये, याला हे लोक समन्वय म्हणत होते. आणि त्यांना शब्द सापडत होते. एका माणसाच्या पायांवर बीम पडला होता, आणि यांना तत्परतेने हा शब्द सापडला.

अहवाल वर्तमानपत्रात आला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोर्कलिफ्ट ड्रायव्हरची बायको नियंत्रण कक्षात आली. ती शिवणकाम करायची. बोटाला अजून धाग्याचे वळ होते. तिने कात्रण टेबलावर ठेवलं.

"चार होत्या ना? मग एक तरी का नाही आली?"

शिपाई तिला बाहेर न्यायला पुढे झाला.

"अरे, खुर्ची आण," यादीताई म्हणाली.

तिने दार लावलं. नोंदवही काढली आणि सगळं सांगितलं. चार नंबर, एक आवार, एक इंजिन. बैठक. पत्र. पंचवीस मिनिटंही सांगितली. स्वतःच्या चार खुणांवर बोट ठेवून दाखवलं.

बायको त्या खुणांकडे बघत राहिली. रडली नाही. "म्हणजे ते तिथे खाली असताना तुम्ही इथे उभ्या होता."

"हो."

"खुर्ची दिलीत म्हणून मी गप्प बसेन असं समजू नका."

"नाही समजत. बसूही नका गप्प."

बायकोने कात्रण घडी करून पर्समध्ये ठेवलं. दाराशी जाऊन थांबली. "हे क्रेनचं झालं. असं अजून कशाकशाचं आहे?"

बावीस वर्षं यादीताई त्या यादीची राखण करत होती, आणि तिला माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिने जाड पुठ्ठ्याची नवी नोंदवही विकत घेतली. रकाने स्वतः आखले. कुणाच्या नावावर. किती सांगितले. किती ठिकाणी तेच सांगितले. प्रत्यक्ष पाहिले. फोनवर आता तिचा भरवसा नव्हता. ती स्वतः जायला लागली. कामावर जायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत, सुट्टीच्या दिवशी. नवरा स्कूटरवर सोडायचा, आणि पुढे पुढे तोही आत यायला लागला. प्रत्येक यंत्रावर एक छोटी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर यंत्राचा क्रमांक असतो. गंजलेल्या, रंगाखाली दडलेल्या पट्ट्या तो भिंगातून वाचायचा आणि ती लिहून घ्यायची. एकच क्रमांक दुसऱ्यांदा आला की तो नुसता मान वर करायचा.

अकरा रुग्णवाहिका सहा निघाल्या. पाण्याचे सात टँकर तीन. एक रबरी होडी दोन खात्यांच्या नावावर होती आणि तिला तळ नव्हता. एका कारखान्याचा फेस मारणारा बंब, ज्याच्यावर तेलाच्या आगीची सगळी भिस्त, तो मालकाने दोन वर्षांपूर्वी विकला होता. विकत घेणाऱ्याने तो पुन्हा यादीत दिला होता. यादीत बंब दोन होते.

"अहो, ताई, कशाला उकरताय?" फाटकावरचा एक पहारेकरी तिला म्हणाला. "तुम्हाला काय मिळणार यातून?"

"मला काही नको. मला आकडा हवा."

दर शनिवारी जुळलेल्या नोंदींचा कागद ती साहेबांच्या टेबलावर ठेवायची. पोच म्हणून प्रतीवर सही घ्यायची. लेखी दिलं म्हणजे संपलं, असं ती आता समजत नव्हती. सोमवारी जाऊन विचारायची, "बदल केला का?" साहेब म्हणायचे, "बघतो." मंगळवारी परत जायची. जिन्यावर गाठायची, गाडीपाशी गाठायची. चार खात्यांनी मिळून तिच्याविरुद्ध एक पत्र दिलं. चौघांनी एका कागदावर सही केली, अशी ती पहिलीच वेळ.

सातव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, बदलीचा हुकूम आला. लेखनसामग्री भांडार, मागची इमारत. तात्काळ. पाचच्या आत कार्यभार सोपवावा.

ती साहेबांकडे गेली. "मला एक महिना द्या. निम्मी यादी व्हायची आहे."

"यादी पूर्ण आहे," साहेब म्हणाले. "मंजूर आहे. जगात कुठलीही यादी शंभर टक्के नसते, ताई. तुम्ही फार मनाला लावून घेतलंत. जरा विश्रांती मिळेल तिकडे."

"आपण जागेवर गेला होता का?" तिने विचारलं.

"कुठल्या जागेवर?"

"बाजारामागे. कधीही. त्या दिवशी, नंतर, कधीही."

साहेबांनी घंटी वाजवली. शिपाई आत आला नाही.

तिच्या जागी कुणी नेमलेलं नव्हतं. कार्यभार कुणाकडे सोपवायचा असं विचारल्यावर उत्तर आलं, कपाटाकडे. मग तिने कपाटाकडे सोपवला. यादी केली: फोन दोन, वायरलेस संच एक, शिक्का एक, साप्ताहिक नोंदवह्या बावीस, नवी नोंदवही एक. नव्या नोंदवहीपुढे कंसात लिहिलं, अपूर्ण.

ती नोंदवही आजही त्या कपाटात आहे. एकशे शहात्तर नोंदींपुढे तिचं अक्षर आहे, शेवटच्या रकान्यापर्यंत. एकशे सत्त्याहत्तरावी ऑक्सिजन सिलिंडरच्या राखीव साठ्याची आहे. सरकारी रुग्णालय दोनशे, तीन खासगी रुग्णालयं प्रत्येकी दोनशे, मदत संस्था दोनशे. पाचही ठिकाणी पुरवठादार एकच. त्याच्या गोदामाचा पत्ता लिहिलाय. येत्या शनिवारी सकाळी नऊला येते, असं त्याला कळवल्याची तारीखही आहे.

प्रत्यक्ष पाहिले, हा रकाना रिकामा आहे.